कोहळ्याला बोट दाखवू नये

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई मला भाजीचा मळा दाखवायला घेऊन गेल्या. कोहळ्याच्या वेलापाशी पोचल्यावर म्हणाल्या, "आता हात मांगं घे." मला वाटलं, घरातली काही पूजाबिजा असेल, म्हणून मी हात जोडले. "जोडू नको वो, मांगं घे," त्या म्हणाल्या. "नवीन मानूस हाय, बोट उठते."

आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. वेलावर फुलाच्या बुडाशी लिंबाएवढं फळ दिसायला लागलं की त्याच्याकडे सरळ बोट दाखवायचं नाही, हे वाशीमपासून पोहरादेवीपर्यंत कोणालाही विचारा, ठाऊक असतं. बोट दाखवलं की फळ पिवळं पडतं, सडतं आणि गळून जातं. दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करून, पेरानं दाखवायचं. चुकून सरळ दाखवलं गेलंच, तर तेच बोट तोंडात घालून कचकन चावायचं. म्हणजे दोष उतरतो म्हणे.

आता मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. त्यातही वनस्पतींचे धडे माझे लाडके. मुळं पाणी कशी ओढतात, पानं उन्हात बसून स्वयंपाक कसा करतात, हे मी पोरांना अगदी रंगवून सांगते. पहिली दोन वर्षं मी सासूबाईंच्या त्या नियमाला मनातल्या मनात हसले. तिसऱ्या वर्षी माझं बोट आपोआप वाकडं व्हायला लागलं. इतकं, की एकदा वर्गात फळ्यावरच्या फुलाच्या आकृतीकडे मी पेरानं दाखवून बोलत होते, तर पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमचं बोट दुखून राह्यलं का?" मी तिला खाली बसवलं आणि खडूनं दाखवायला लागले.

आमचा मळा वाशीमच्या अगदी कडेला. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, असलं सगळं बाजाराला जातं. कोहळं मात्र कधी बाजाराला गेलं नाही. ते सासूबाईंच्या माहेरचं, जऊळक्याचं बी. त्यांच्या आईनं त्यांना सासरी धाडताना ते पदराच्या गाठीत बांधून दिलं होतं. दर वर्षी वेलावरचं सगळ्यात देखणं कोहळं बियासाठी ठेवायचं, बी राखेत चोळून डब्यात भरायचं आणि डबा देवघराच्या खालच्या फळीवर ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्या डब्याला हात लावायची परवानगी माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. त्या कोहळ्याच्या घाऱ्या खाल्ल्या की माणूस इतर कोहळ्यांना नावं ठेवायला लागतो, हे मात्र मी स्वतःच्या जिभेवरून सांगते.

या कोहळ्यापायी आमच्या घरात एक नातं तुटलं होतं. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

सात वर्षांपूर्वी जऊळक्याच्या मामी आमच्याकडे आल्या होत्या. मामी म्हणजे सासूबाईंची भावजय. नणंद-भावजय असूनही दोघींचं इतकं जमायचं की एकीचा फोन आला की दुसरीचा स्वयंपाक करपलाच म्हणून समजा. त्या दिवशी पाहुणचाराला टोपलंभर कोहळ्याच्या फुलांची भजी झाली. जेवणं आटोपून दोघी मळ्यात निघाल्या, मागे मी. वेलावर एक इवलंसं फळ लागलेलं मामींना दिसलं. आपल्या सासूचं बी इथं नांदतंय हे पाहून त्यांना इतका आनंद झाला की बोट उठलं. सरळ. "हे पाहा बाई, आपलंच हाय हे," म्हणाल्या आणि लगेच जीभ चावावी तसं बोट चावलं. पण उठायचं ते उठलं होतं. पाचव्या दिवशी ते फळ पिवळं पडून गळालं.

पुढचं सांगताना मला अजून कसंतरी होतं. मामींना मूलबाळ नाही. सासूबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांची जीभ आधी निघते आणि त्या स्वतः मागून पोचतात. फळ गळाल्यावर चारच दिवसांनी जऊळक्याला एका घरी बारसं होतं. मामी पाळण्यापाशी वाकून बाळाला पाहत होत्या. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "जपून वो वयनी, तुमचं बोट लागते." त्या कोहळ्याबद्दल बोलत होत्या. थट्टेनं बोलत होत्या. पण मांडवातल्या बायांना कोहळं कुठे माहीत होतं? सगळा मांडव गप्प झाला. मामी पाळण्यापासून दोन पावलं मागे सरकल्या, आणि त्या आमच्या घरातूनही तशाच सरकल्या. राखीला मामा एकटे यायचे, चहा घ्यायचे, एकटे जायचे. सासूबाई दर वेळी विचारायच्या, "घरी बरं हाय ना?" मामा म्हणायचे, "हो, बरं हाय." सात वर्षं एवढंच चाललं.

तर या वर्षीची गोष्ट. मागच्या साली रानडुकरांनी वेल तुडवून टाकले आणि बियाला एकही कोहळं राहिलं नाही. डब्याच्या तळाशी जुनं बी होतं, थोडंसं. त्यातलं काही घुशींनी उकरून खाल्लं, काही उगवलंच नाही. रुजलं ते एकच. म्हणजे हा एक वेल गेला की सासूबाईंच्या आईचं बी आमच्या घरातून गेलं.

मी म्हटलं, "आई, मामींकडे असेल की बी. मागून आणू."

"मरन, पन हात पसरनार नाई," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्या एका वेलासाठी विहिरीजवळ खास मांडव घातला. तोही ठेंगणा, छातीएवढा, म्हणजे पानन्‌पान नजरेखाली राहावं.

वेल काय फोफावला म्हणता. भादव्यापर्यंत मांडव झाकून गेला. पिवळीधमक फुलं रोज सकाळी उघडायची आणि दहाच्या सुमारास मान टाकायची. फळंही धरायला लागली. लिंबाएवढी व्हायची, चार दिवस टिकायची आणि पाचव्या दिवशी पिवळी पडून गळायची. एक गळालं, दुसरं गळालं, तिसरं गळालं. चौथ्यानंतर सासूबाईंनी चौकशी बसवली.

पहिला आरोपी माझा नवरा. "तुनं दाखवलं बोट?"

"आई, मी त मोबाइल पाहून राह्यलो होतो."

"मोबाइलवर बोट सरळच असते," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला मांडवाच्या बाजूनं जायची बंदी झाली. मग मीटर पाहायला आलेल्या माणसाची पाळी. तो बिचारा खांबाकडे बोट करून बोलत होता, पण खांब आणि वेल एकाच दिशेला, त्याला कोण काय करणार. त्याच्याकडून बोट चाववून घेतलं. सरकारी माणूस, मुकाट्यानं चावलं. दूधवाला तर फाटकापासूनच हात खिशात घालून यायला लागला, आणि दूध फाटकावरच राहू लागलं.

माझ्याबद्दलही संशय होता. तोंडावर नाही, पण सासूबाई एकदा म्हणाल्या, "शिकलेल्या मानसाचं बोट जास्त चालते." तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. म्हटलं, बाई गं, आता सोक्षमोक्ष लावायचाच. मी वेलावरची दोन फळं निवडली, एक विहिरीच्या बाजूचं आणि एक रस्त्याच्या बाजूचं. रोज शाळेत जाण्याआधी विहिरीच्या फळासमोर उभी राहायची, इकडेतिकडे पाहायची आणि चांगलं दहा मोजेपर्यंत सरळ बोट रोखून धरायची. मनातून त्याची माफीही मागायची. रस्त्याच्या फळाकडे ढुंकूनही पाहायचं नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग.

पाचव्या दिवशी दोन्ही फळं गळाली. एकाच दिवशी.

बोट निर्दोष सुटलं. पण ही साक्ष द्यायची कोणापुढे? "आई, मी रोज दहा मोजेपर्यंत बोट दाखवत होते" असं म्हटलं असतं, तर माझीही रवानगी जऊळक्याच्या यादीत झाली असती. मी गप्प बसले. शिवाय फळं का गळतात हे मला तरी कुठे कळलं होतं?

कळलं ते एका रविवारी, बेसन कालवताना. शाळेतल्या आम्हा चौघी-पाच जणींची किती दिवसांची टूम होती, की माझ्या घरी कोहळ्याच्या फुलांची भजी खायला यायचं. सासूबाईंनी त्या दिवशी सकाळीच वेल झाडून फुलं आणि मोठ्या कळ्या खुडून पाण्यात ठेवल्या होत्या. खुडायची त्यांची पद्धत ठरलेली. ज्या फुलाखाली फळ आहे त्याला हात नाही लावायचा. लांब, बारीक देठाची, नुसती फुलं असतात ती घ्यायची. त्यांना त्या रिकामी फुलं म्हणतात. "रिकामं ठेवून काय करतं? वेलाचा जोर खाते," असं त्यांचं म्हणणं. फूल धुताना आतली पिवळी दांडी मोडून टाकायची, कारण ती कडू लागते. हे काम बारा वर्षं माझ्याकडे आहे.

मी दांडी मोडत होते. एक मोडली, दुसरी मोडली. बोटांना पिवळी पूड लागली होती, ती पदराला पुसली. तिसरी दांडी मोडली आणि माझा हात तसाच राहिला.

अगं बाई, म्हटलं, हे तर पराग आहेत. ही रिकामी फुलं म्हणजे नर फुलं. ज्यांच्याखाली फळ असतं ती मादी. भुंग्यानं, मधमाशीनं नराचे पराग अंगाला माखून मादीवर जायचं, तेव्हा कुठे खालचं फळ धरतं. नाही तर वेल चार दिवस वाट पाहतो आणि फळ टाकून देतो. आणि हे सगळं मला माहीत होतं हो. मी दर वर्षी हा धडा घेते. "भोपळ्याचे फूल एकलिंगी असते, स्पष्ट करा" हा प्रश्न मी स्वतःच्या हातानं परीक्षेत घालते आणि न येणाऱ्या पोरांना शून्य देते. फक्त पुस्तकातला भोपळा आणि घरातलं कोहळं या दोघांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. बारा वर्षं मी नवरदेव बेसनात बुडवून तळत होते आणि वर लिंबू पिळून खात होते.

आधीच्या सालांत वेल पुष्कळ असायचे, ते गोठ्यावर, बाभळीवर चढायचे. हाताला न येणारी नर फुलं उंचावर वाचायची आणि मधमाश्यांचं काम चालून जायचं. यंदा एकच वेल, तोही छातीएवढ्या मांडवावर. सासूबाईंच्या हातून एक फूल सुटत नव्हतं.

मी तशाच पिवळ्या हातांनी मांडवाकडे पळाले. वेलाचे दिवस भरत आले होते. पानांवर भुरी पडून ती पांढरी झाली होती, शेंडे सुकत चालले होते. एका शेंड्याला एकच मादी कळी होती, दुसऱ्या दिवशी उघडेल अशी. नर कळी एकही नव्हती. सगळ्या माझ्या पातेल्यात होत्या. मैत्रिणी आल्या, भजी खाल्ली, तोंडभरून कौतुक केलं. मी एकही खाल्लं नाही. खोटं कशाला बोलू, दोन खाल्ली. तळलेलं फूल काही परत वेलाला लागणार नव्हतं.

पाहुण्या गेल्यावर मी वाटीत मोडलेल्या दांड्या घेऊन सासूबाईंपुढे बसले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. माझा प्रयोगही सांगून टाकला. मला वाटलं होतं, दहा मोजेपर्यंतचं बोट ऐकून त्या मला फाडून खातील. पण त्या वाटीकडेच पाहत राहिल्या.

"म्हंजे फुलं आपन खाल्ली," त्या हळूच म्हणाल्या, "अन् नाव बोटाचं?"

"हो, आई."

मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर होती, ती बाजूला ठेवली. "वयनी आलती, त्या दिवशी मी टोपलंभर भजी केलती," त्या म्हणाल्या. "सकाळीच शिडी लावून सारी फुलं काढलती. एक ठेवलं नवतं."

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, हा प्रश्न फक्त कोहळ्याचा आहे. सासूबाईंनी तो माझ्याआधी शेवटपर्यंत सोडवला होता. त्या दिवशीचं फळ त्यांच्या पाहुणचारानं गेलं होतं, आणि सात वर्षं त्याची शिक्षा पाहुणीनं भोगली होती. मला सासूबाईंची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

उद्याच्या कळीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आमच्या शाळेतल्या एकीचा अनसिंगला मळा आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "संकरित कोहळ्याचे वेल आहेत, हवी तितकी फुलं ने." सासूबाईंनी मान हलवली. "फळ धरन, पन बी बिघडन. पुढच्या साली त्यातून काय निघन, काय भरोसा?" हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. जातीचं फूल हवं होतं, आणि ते एकाच ठिकाणी होतं.

दिवे लागल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बी मांगनं म्हंजे हात पसरनं," त्या म्हणाल्या. "फूल मांगायले काही तसं नाई. आपली पोरगी हाय. पोरीवाले पोरगं पाहायले जातेतच ना?"

"जातात की."

"मंग सकाळी गाडी काढ. लाजायचं कायले त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता मी स्कूटर काढली. सासूबाई मागे एका अंगानं बसल्या, मांडीवर रिकामा डबा, डब्यात ओलं फडकं. सोमवार होता, शाळेला मी रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती कार्य. वाटभर त्या माझ्या कानापाशी भाषणाची तयारी करत होत्या. "असं म्हनीन, वयनी, झालं गेलं सोडा. नाई, असं नको. आदी तब्येत पुसीन." मधेच म्हणायच्या, "हळू चालव वो, काय घाई हाय?" आणि लगेच, "जल्दी कर, फूल मिटन."

मामी अंगण झाडत होत्या. आम्हाला पाहून झाडू तसाच हातात राहिला. सासूबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि सगळं भाषण विसरल्या. म्हणाल्या, "वयनी, आमची पोरगी उपवर झाली."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "कोनती पोरगी?"

"कोहळ्याची," मी म्हटलं, आणि पुढचं मलाच सांगावं लागलं. नर फुलं, मादी फुलं, मधमाश्या, भजी, सगळं. मामी झाडूवर हात टेकून ऐकत होत्या. त्यांचाही वेल समोर कुडावर होता, चांगला उंच चढलेला, फुलांनी भरलेला. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, आणि मला विचारलं, सासूबाईंना नाही. "म्हंजे बोटानं काही होत नाई?"

"नाही, मामी. कधीच होत नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता बोला हो, असं मनातून म्हणत होते. एक वाक्य तर हवं होतं. पण जिथे गप्प बसायचं तिथे बोलणारी ही बाई, बोलायची वेळ आली तेव्हा नेमकी जमिनीकडे पाहत राहिली. "ऊन चढून राह्यलं," एवढंच म्हणाल्या.

मामींनी चार नर फुलं देठासकट खुडली, ओल्या फडक्यात नीट गुंडाळून डब्यात ठेवली आणि झाकण लावून दिलं. चहाचं विचारलं नाही. जऊळक्याच्या त्या घरी चहा न विचारता माणूस परत गेलं, असं त्याआधी कधी झालं नसेल. मी म्हटलं, "मामी, चला ना तुम्हीही. नवरदेवाकडून कोणीतरी हवं."

"न्या तुमी," मामी म्हणाल्या. "तुमच्या वेलापाशी माहं काही काम नाई."

परतीच्या वाटेवर सासूबाई डबा पोटाशी धरून बसल्या होत्या. हळू चालव असंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

घरी पोचलो तेव्हा कळी पूर्ण उघडली होती. मी नर फुलाच्या पाकळ्या फाडून टाकल्या, आतली पिवळी दांडी मोकळी केली आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवली. एकामागून एक चारही फुलं वापरली. माझ्या नवऱ्याची बंदी तेवढ्यापुरती उठली होती. तो म्हणाला, "अक्षता टाकू का?" सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हसू गिळून आत निघून गेला. थोड्या वेळानं पाहते तर मांडवाच्या खांबाला हळदीकुंकू लागलेलं. कोणी लावलं ते विचारायची गरज नव्हती.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. फळ हिरवं होतं. चौथ्या दिवशी जरा फुगल्यासारखं दिसलं, पण माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता, कारण आधीचीही चार दिवस बरी दिसायची. पडायची ती पाचव्या दिवशी. चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर सासूबाई म्हणाल्या, "वयनीले फोन लाव. म्हन, उद्या पाहायले या."

मी म्हटलं, "आई, घाई कशाला? आठ दिवस थांबू. पक्कं धरलं की बोलावू."

"धरल्यावर बोलावलं त काय बोलावलं?" त्या म्हणाल्या.

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "वयनी, उद्या या," म्हणाल्या. "या वो," सासूबाई पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा फाटला की मी उगाच भांडी आवरायला गेले.

त्या कोहळ्याचं बी आता दोन डब्यांत आहे, एक आमच्या देवघराखाली आणि एक जऊळक्याला. पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या पाचव्या दिवशी सकाळी वेलावर एकच फळ होतं, आणि ते राहील की जाईल हे माझ्या विज्ञानालाही सांगता येत नव्हतं.

मामी मामांच्या मोटारसायकलवरून आल्या. मामा ओट्यावर बसले. मामी आमच्या मागून मळ्यात आल्या, पण मांडवापासून चार हात दूर उभ्या राहिल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. लहान पोरांनी चिंचा लपवाव्यात तसे. सात वर्षं त्या कोणत्या पाळण्यापाशी, कोणत्या वेलापाशी हात असे गुंडाळून उभ्या राहिल्या असतील, हे माझ्या एकदम मनात आलं.

सासूबाई त्यांच्यापाशी गेल्या. पदरातून त्यांचा उजवा हात ओढून काढला आणि त्यांना मांडवापाशी घेऊन आल्या. मामींनी मूठ वळली होती. सासूबाईंनी ती सोडवली, बाकीची बोटं मिटवली, तेवढं एक बोट सरळ केलं आणि फळासमोर धरलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "सरळ दाखवा."

"नको बाई," मामी म्हणाल्या. "एकच हाय."

"म्हनूनच म्हंतो."

पापणी लवायच्या आत मामींनी बोट मागे घेतलं आणि सवयीनं दातांकडे नेलं. सासूबाईंनी मनगट घट्ट धरलं.

"चावू नका, वयनी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोटानं कधीच काही झालं नवतं. माह्या तोंडानं झालं."

मामींनी हात सोडवून घेतला, पुढे झाल्या, आणि ते बोट कोहळ्यावर टेकवून तसंच ठेवलं.